स्क्रू कुठेय

वाशीच्या प्रदर्शन केंद्रात
गळ्यात पास अडकवून शिरलो.
पासवर हरेश्वरचं हर्षवर झालं होतं
आणि 'व्यवसाय'च्या रकान्यात
भाचीने परस्पर लिहून टाकलेलं: संशोधन.
तुर्भ्याच्या गाळ्यात बत्तीस वर्षं मिक्सर दुरुस्त करतो मी.
संशोधनच म्हणा.
गिऱ्हाईक सांगतं, आपोआप बंद पडला,
मी भांड्याखाली शोधतो
आपोआपचं कारण.
बहुतेकदा हळद असते.

आत गारठा. पायाखाली भाड्याचा गालिचा,
त्याच्या जोडांवर चिकटपट्टी.
एक चपटं झाडूयंत्र त्या पट्टीपाशी यायचं,
थबकायचं, मागे फिरायचं,
पुन्हा यायचं,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखं.
एक फ्रिज नमस्कार म्हणाला.
मी मागे वळून पाहिलं,
दुसऱ्या कुणाला असेल.

खरी गर्दी सी-चौदाला.
माणसाएवढा, दुधी रंगाचा,
चेहऱ्याच्या जागी काळी काच
आणि कमरेला, का कोण जाणे, ॲप्रन.
टॉवेलची घडी घालत होता.
एक टॉवेल, चार मिनिटं.
कोपऱ्याला कोपरा भिडवताना
बोटं जराशी थरथरली
तेव्हा सगळे हळहळले,
उभं राहणारं बाळ धपकन बसल्यावर हळहळतात तसे.
शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली,
"बघ, न सांगता करतोय."

मी वाकून पाहिलं. कुठेच स्क्रू दिसेना.
माईकवाल्या मुलीला विचारलं, "उघडतो कुठून?"
"काका, उघडायची गरजच पडणार नाही."
हे वाक्य मला
दर नव्या कंपनीचा माणूस ऐकवून गेलाय.
त्याच वाक्यावर माझं घर चाललंय.

पाणी शोधत स्टॉलच्या मागे गेलो.
खोकी, वायरींचं जंजाळ,
आणि पडद्याआड एक पोरगा,
डोळ्यांवर डबीएवढा चष्मा,
दोन्ही हातांत वायरींचे मोजे,
हवेत घडी घालत होता.
टॉवेल नव्हता.
घडी मात्र नीट पडत होती.

चाहूल लागली तसा म्हणाला,
"कोण आहे? जरा पाणी पाजा ना.
हात सोडता येत नाहीत, लोक बघतायत."
बाटली ओठांना लावली.
त्याने मान मागे टाकली
आणि पडद्यापलीकडे एकदम हशा, टाळ्या.
तिकडे त्यानेही छताकडे पाहिलं असणार,
तोंड नसलेला,
तहानलेला.

नाव प्रणित. ऐरोलीचा. मेकॅट्रॉनिक्स केलेला.
"हळूहळू शिकेल तो," म्हणाला,
"मी शिकवतोय असं समजायचं."
मग हसून, "आई म्हणते,
घरात साधा रुमाल उचलला नाहीस कधी."

इथेच, किंवा इथून हाकेवर,
बाबा मीठ ओढायचे.
लांबच लांब दांड्याचं फावडं,
टोक खाऱ्या पाण्यात, माणूस बांधावर.
लहानपणी वाटायचं, बाबांचे हात
पार पलीकडच्या कडेला पोचतात.
रात्री तेच हात ताटापर्यंत पोचत नसत.
चिरा पडलेल्या, कालवण झोंबायचं.
आई भरवायची, आम्ही भिंतीकडे तोंड करून जेवायचो.

"काका, नाक खाजतंय."
खाजवलं.
पुढे काय झालं कळलं नाही,
टाळ्या तरी वाजल्या नाहीत.

तेव्हा दिसले. मोज्याच्या मनगटापाशी
चार बारीक स्क्रू. एक सैल.
टेस्टर गेटवरच काढून घेतलेला,
म्हणून नखाने आवळला, बसला तेवढा.
पोरगा म्हणाला, "काय केलंत?"
"काही नाही. चालू ठेव."

बोटं थरथरायची थांबली का,
बघायला गेलो नाही.
भाचीचे तीन मिस कॉल आले होते.
पासची मागची बाजू कोरी होती,
बाहेर पायरीवर बसून तिथे लिहून ठेवलं:
डावं मनगट. चार स्क्रू.
पोरगा सकाळपासून उभा.